निवडणूक निधीचे दावे आणि नोंदीतले आकडे

निवडणुकीच्या पैशाविषयी नेते जाहीरपणे जे आकडे सांगतात, ते पडताळून पाहण्याची सोय मतदाराला बराच काळ नव्हती. मार्च २०२४ मध्ये ती काही अंशी उपलब्ध झाली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणून घेणे हा मतदाराचा अधिकार आहे, असे या निकालात म्हटले आहे. त्यानंतर भारतीय स्टेट बँकेने दिलेली माहिती निवडणूक आयोगाने १४ मार्च रोजी आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केली. रोखे खरेदी करणाऱ्यांची आणि ते वटवणाऱ्या पक्षांची अशा त्या दोन स्वतंत्र याद्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी, १५ मार्च रोजी, केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दिल्लीतील एका परिसंवादात या विषयावर पक्षाची बाजू मांडली. रोख्यांची एकूण रक्कम २०,००० कोटी रुपये असून भारतीय जनता पक्षाला त्यातील सुमारे ६,००० कोटी रुपये मिळाले, मग उरलेले १४,००० कोटी रुपये कुठे गेले, असा त्यांचा सवाल होता. ३०३ खासदार असलेल्या पक्षाला ६,००० कोटी आणि बाकी सर्वांना मिळून १४,००० कोटी, अशी तुलनाही त्यांनी केली.

हा दावा तपासताना त्यातील आकडे एकेक करून पाहावे लागतात. भाजपचा आकडा यादीशी जुळतो. एप्रिल २०१९ ते जानेवारी २०२४ या काळात या पक्षाने सुमारे ६,०६० कोटी रुपयांचे रोखे वटवले. तृणमूल काँग्रेसने सुमारे १,६०९ कोटी, काँग्रेसने १,४२१ कोटी, भारत राष्ट्र समितीने १,२१४ कोटी, तर बिजू जनता दलाने ७७५ कोटी रुपयांचे रोखे वटवले. मात्र सर्व पक्षांची मिळून बेरीज १२,७६९ कोटींच्या आसपास होते. म्हणजे उरलेल्या साऱ्या पक्षांच्या वाट्याला सुमारे ६,७०९ कोटी रुपये आले. १४,००० कोटी या आकड्याच्या निम्मीही ही रक्कम नाही. भाजपचा वाटा, शहा यांच्या हिशेबाने ३० टक्के ठरत होता, तो प्रत्यक्षात ४७ टक्क्यांहून अधिक निघतो.

२०,००० कोटी हा आकडा संपूर्ण योजनेचा असावा, असे कोणी म्हणेल. तसे धरले तरी हिशेब जुळत नाही. मार्च २०१८ पासून योजना रद्द होईपर्यंत विकल्या गेलेल्या रोख्यांची एकूण किंमत १६,५१८ कोटी रुपये होती. शिवाय एकूण रक्कम २०१८ पासूनची घ्यायची असेल, तर पक्षाची रक्कमही त्याच काळाची घ्यावी लागते. आयोगाने १७ मार्च रोजी पक्षांनी स्वतः सादर केलेली विवरणे खुली केली. त्यांत भाजपचा आकडा ६,९८६ कोटींच्या वर गेलेला दिसतो. एका कालखंडाचा अंश आणि दुसऱ्या कालखंडाचा छेद घेऊन केलेले गणित सभेत टाळ्या मिळवते. हिशेबाच्या वहीत ते टिकत नाही.

तथापि पडताळणी प्रामाणिक असेल, तर दाव्यातील जे टिकते तेही सांगावे लागते. दुरुस्त आकडे घेतले तरी भाजपच्या वाट्याला दर खासदारामागे २० कोटी, तर इतर सर्वांना मिळून सुमारे २८ कोटी रुपये येतात. म्हणजे तुलनेची दिशा चुकलेली नव्हती. प्रश्न आहे तो मापाचा. लोकसभेतील खासदारांची संख्या हे देणगीचे योग्य माप ठरू शकत नाही, कारण तृणमूल काँग्रेस, बिजू जनता दल किंवा द्रमुक यांना देणग्या मिळण्यामागे त्यांच्या राज्यांतील सत्ता हे कारण अधिक सयुक्तिक वाटते.

विरोधी बाजूच्या विधानांनाही हाच निकष लावायला हवा. त्याच सुमारास महाराष्ट्रातून जात असलेल्या यात्रेत राहुल गांधी यांनी रोखे योजनेचा उल्लेख जगातील सर्वांत मोठे खंडणीचे रॅकेट असा केला. काही कंपन्यांवर केंद्रीय तपास यंत्रणांची कारवाई कधी झाली आणि त्यांनी रोखे कधी घेतले, या दोन्ही तारखा नोंदीत सापडतात आणि काही ठिकाणी त्या एकमेकींच्या जवळ येतात. येथवर पडताळणी शक्य आहे. देणगी कारवाईच्या धाकाने दिली की अन्य कारणाने, हे मात्र यादी सांगू शकत नाही. ते तपासाचे काम आहे, आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली असा तपास व्हावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी अमान्य केली. ‘जगातील सर्वांत मोठे’ हे विशेषण तर तपासण्याच्या पलीकडचेच आहे. या उलट, आपण एकही रोखा घेतला नाही, हा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा दावा प्रसिद्ध झालेल्या नोंदींशी सुसंगत आहे.

सर्वांत उद्बोधक उदाहरण मात्र एका सरकारी खुलाशाचे आहे. रोख्यावर देणगीदाराची ओळख पटेल असे काही नसते, असे योजना आणताना सांगण्यात आले होते. एप्रिल २०१८ मध्ये एका वृत्तसंकेतस्थळाने रोख्याची प्रयोगशाळेत तपासणी करवून घेतली, तेव्हा अतिनील प्रकाशात एक छुपा क्रमांक दिसून आला. अर्थ मंत्रालयाने त्यावर खुलासा केला. हा क्रमांक केवळ बनावट रोखे टाळण्यासाठी असून बँक तो खरेदीदाराच्या किंवा पक्षाच्या नावापुढे नोंदवत नाही, असे त्यात म्हटले होते. तेव्हा हे विधान तपासण्याचा कोणताही मार्ग नव्हता. तो सहा वर्षांनी निघाला. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाच्या आदेशावरून प्रसिद्ध झालेल्या याद्यांत हेच क्रमांक खरेदीदारांच्या नावांपुढेही होते आणि पक्षांच्या नावांपुढेही. कोणाचा रोखा कोणत्या पक्षाने वटवला, हे त्यावरून काही तासांत जुळवता आले.

रोख्यांमुळे पारदर्शकता येईल, हे तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांचे प्रतिपादनही तपासण्याजोगे आहे. पैसा बँकेतून येणार, हे खरे होते. परंतु वित्त अधिनियम २०१७ ने रोख्यांतून आलेली देणगी पक्षाच्या अहवालातून वगळली, कंपनीला कोणत्या पक्षाला पैसा दिला हे सांगण्यातून मोकळीक दिली आणि कंपनीच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकली. निवडणूक आयोगाने २६ मे २०१७ च्या पत्रात हे मागे नेणारे पाऊल असल्याचे विधी मंत्रालयाला कळवले होते. ही मर्यादा २०२४ च्या निकालाने पुन्हा लागू झाली आहे.

याच संदर्भात वारंवार ऐकू येणारे एक विधान असे, की आता २,००० रुपयांहून मोठी देणगी निनावी देता येत नाही. यात दोन वेगळ्या तरतुदींची सरमिसळ आहे. २,००० रुपये ही आयकर कायद्यातील रोख देणगीची मर्यादा आहे. देणगीदाराचे नाव आयोगाला कळवण्याची सक्ती लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-क अन्वये २०,००० रुपयांवरील देणगीसाठीच आहे. ‘अज्ञात स्रोत’ या शब्दाचा अर्थही त्यामुळे जपून घ्यावा लागतो. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या पाहणीनुसार २००४-०५ ते २०१४-१५ या काळात पक्षांचे ६९ टक्के उत्पन्न अज्ञात स्रोतांतून आले. नेते हा आकडा काळ्या पैशाचा म्हणून सांगतात. वास्तविक त्यात नाव कळवण्याची गरज नसलेल्या छोट्या देणग्याही येतात. त्या खरोखरच छोट्या होत्या का, हे बाहेरून कळत नाही.

येथवरची चर्चा मिळालेल्या पैशाची झाली. खर्चाच्या बाजूला परिस्थिती अधिक अवघड आहे. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवारासाठी जानेवारी २०२२ मध्ये ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवारासाठी ४० लाख रुपयांची मर्यादा ठरवण्यात आली. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात दिला होता. सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो निष्प्रभ केला. सगळेच उमेदवार मर्यादेच्या आत कसे राहतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

महाराष्ट्रात याचा जाहीर उच्चार झाला तो जून २०१३ मध्ये. आपण २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आठ कोटी रुपये खर्च केले, असे गोपीनाथ मुंडे मुंबईतील एका पुस्तक प्रकाशन समारंभात म्हणाले. त्या वेळी मर्यादा २५ लाखांची होती आणि त्यांनी सादर केलेला हिशेब सुमारे १९ लाखांचा होता. आयोगाने नोटीस बजावली, मुंडे यांनी खुलासा केला. अपात्रतेची कारवाई झाली नाही आणि २०१४ मध्ये ते बीडमधून पुन्हा निवडून आले. येथे एकाच व्यक्तीची दोन विधाने समोरासमोर होती, एक कागदावरचे आणि एक व्यासपीठावरचे, आणि कागदावरचे विधान कायम राहिले.

निवडणूक रोखे रद्द झाल्यानंतर देणग्या धनादेश, बँक हस्तांतरण आणि इलेक्टोरल ट्रस्टमार्फत येत आहेत. या ट्रस्टचे तसेच पक्षांचे वार्षिक अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येतात, परंतु ते आर्थिक वर्ष संपल्यावर काही महिन्यांनी येतात, तोवर निवडणूक होऊन गेलेली असू शकते. उमेदवाराला आपला हिशेब निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. निवडणूक संचालन नियम १९६१ मधील नियम ८८ नुसार कोणाही व्यक्तीला तो एक रुपया शुल्क भरून पाहता येतो.