आटपाडीची राखण: रामोशाच्या मागापासून स्वतंत्रपूरपर्यंत

आटपाडी हे माणदेशातले गाव. पाऊस बेताचा, शेती बेभरवशाची. लोकांची खरी पुंजी म्हणजे मेंढ्या आणि खिलार जनावरे. ही पुंजी चार पायांची, रात्रीतून हाकलून नेता येणारी. त्यामुळे गाव राखणे ही इथली जुनी गरज होती आणि दीर्घकाळ ते काम सरकारचे नव्हे, गावाचे होते.

दख्खनच्या गावगाड्यात राखणीची जबाबदारी पाटलाची, आणि त्याच्या हाताखाली रामोशी, महार, मांग यांची असे. रात्री जागल्या या राखणदाराने गस्त घालायची, चावडीवर उतरलेल्या परक्या माणसाची खबर पाटलाला द्यायची. चोरी झाली की रामोशी माग काढायला निघे. धुळीत उमटलेल्या पावलाचे माप घेऊन तो ठशामागून चालत राही. माग शिवेवर पोहोचला की पुढच्या गावच्या राखणदाराला तो दाखवून त्याच्या हवाली करायचा. ज्या गावच्या हद्दीत माग मुरला, त्या गावाने चोर तरी द्यावा, नाहीतर चोरीचा माल भरून द्यावा, असा रिवाज होता. आपल्या हद्दीत चोराला आसरा मिळू नये याची काळजी त्यामुळे प्रत्येक गाव स्वतःहूनच घेत असे. नुकसानीचा धाक एकट्या चोराला नव्हता, सगळ्या गावाला होता.

१८६७च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने ब्रिटिश मुलखातल्या पाटलाला पोलीस पाटील केले. तो सरकारी साखळीतली शेवटची कडी झाला. ज्यांच्या भरवशावर गाव झोपत असे, त्याच मांग-रामोशांना पुढे संशयित म्हणून पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागली. हा मोठा अन्याय होता, आणि गाव व पोलीस यांच्यातला अविश्वासही याच काळात मुरला.

आटपाडी मात्र औंध संस्थानात होती. ७२ गावांचे हे लहानसे संस्थान सलगही नव्हते. इंग्रजी मुलखात त्याचे तुकडे विखुरलेले होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी २१ जानेवारी १९३९ रोजी कारभार प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना जाहीर केली. तिच्या मागे महात्मा गांधींचा सल्ला होता, युवराज अप्पासाहेब पंतांची धडपड होती आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरचे कष्ट होते. भगवी वस्त्रे घालणाऱ्या फ्रीडमनना लोक भारतानंद म्हणत. घटनेने प्रत्येक गावाला निवडून आलेली पंचायत दिली आणि न्यायनिवाडाही शक्य तितका गावातच आणला. भांडण ज्यांच्यासमोर झाले त्यांच्यासमोरच त्याचा निकाल लागला, तर खोटी साक्ष टिकत नाही, हा त्यामागचा विचार होता.

या प्रयोगाचे सर्वांत धाडसी अंग आटपाडीजवळच उभे राहिले. १९३९मध्ये इथल्या माळावर फ्रीडमन यांच्या पुढाकाराने कैद्यांची उघडी वसाहत वसवण्यात आली. नाव ठेवले स्वतंत्रपूर. उंच भिंत नाही, बेड्या नाहीत. खुनासारख्या गुन्ह्यात लांब सजा झालेली माणसे इथे बायकामुलांसह राहू लागली आणि खडकाळ रान फोडून शेती करू लागली. पळून जायला सगळा माळ मोकळा होता. गावाचा इथला वाटा सहज नजरेआड होतो. कैदी माळावर राहणार, भाजी पिकवून बाजारात आणणार, हे आजूबाजूच्या लोकांनी सोसले नसते, तर राजाच्या हुकमाने वसाहत टिकली नसती.

आटपाडी परिसरातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी याच प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले.

स्वतंत्रपूर वसल्यानंतर काही वर्षांतच संस्थानातल्या कुंडलला वेगळेच वारे होते. क्रांतिसिंह नाना पाटील यांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभारलेल्या प्रतिसरकारने १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, न्यायनिवाडेही केले. इथे लोक आणि पोलीस एकमेकांच्या विरोधात होते, आणि तरीही गुन्हेगारीला आळा घालायचे काम लोकांनी अंगावर घेतले.

१९४८मध्ये संस्थान विलीन झाले. आटपाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली. १९६०मध्ये त्याचे नाव सांगली झाले. १९६७च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद वंशपरंपरेतून काढून नेमणुकीवर आणले. आता त्याचे काम मुख्यतः खबर देण्याचे आणि शांतता राखण्याचे उरले. चोऱ्या वाढल्या की तरुणांची ग्रामसुरक्षा दले काठ्या, शिट्ट्या आणि बॅटऱ्या घेऊन पाळीपाळीने गस्त घालतात. जागल्याचे काम असे वाटून घेतले गेले.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील याच जिल्ह्यातल्या अंजनीचे. बांध, पाणी, वाटा यांवरून उठलेली भांडणे ठाण्यात गुन्हा होऊन पोहोचण्याआधी ग्रामसभेने निवडलेल्या समितीने मिटवायची, पोलिसांनी साथ द्यायची, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला शासनाने बक्षीस द्यायचे, अशी तिची रचना होती. माणदेशात पाण्याची पाळी चुकली तरी डोकी फुटतात, म्हणून अशा समितीला इथे खरे काम होते.

स्वतंत्रपूर आता महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे. लांब सजेचे, वर्तणूक चांगली असलेले निवडक कैदी तिथे कुटुंबासह राहतात आणि शेती करतात.