दोन परळ आणि एक नळी

धूर पूर्ण विरून गेलेले निखारे मातीच्या परळात घ्यायचे. परळ डगमगणार नाही असा नीट बसवायचा. निखाऱ्यांवर औषधी वात टाकायची आणि बुडाला भोक पाडलेला दुसरा परळ त्यावर पालथा घालायचा. त्या भोकात नळीचे जाड टोक रोवायचे, दुसरे टोक रुग्णाच्या तोंडी द्यायचे. धूर मंदावला की उरलेली वात निखाऱ्यांवर टाकून पुन्हा ओढायला लावायचे. ही कृती सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या 40व्या अध्यायात आहे. तंबाखू हे रोप भारतात येण्याच्या कितीतरी शतके आधीची.

या साधनाचे नाव शरावसंपुट. शराव म्हणजे परळ आणि दोन परळ तोंडाला तोंड लावून ठेवले की झाला संपुट. कुंभाराकडच्या दोन भांड्यांत सामावणारे हे यंत्र, पण त्यामागचा विचार फार बारकाईचा होता.

सुश्रुताने धूमाचे पाच प्रकार सांगितले: प्रायोगिक, स्नैहिक, वैरेचनिक, कासघ्न आणि वामनीय. पहिल्या तीन प्रकारांत वात थेट नळीला जोडून पेटवत. निखाऱ्यांचा संपुट लागे तो शेवटच्या दोघांना. कासघ्न म्हणजे खोकल्यावरचा. त्यातली द्रव्ये मराठी माणसाला अनोळखी नाहीत: डोरली, रिंगणी, सुंठ, मिरी, पिंपळी, कासविंदा, हिंग, हिंगणबेटाची साल, गुळवेल, काकडशिंगी. सोबत मनशीळही आहे आणि ती आर्सेनिकचे खनिज असल्याने आज या यादीतला सर्वांत धोक्याचा पदार्थ ठरते. वामनीय धूमाचा हेतू रुग्णाला ओकारी व्हावी हाच. म्हणून त्याच्या वातीत चामडे, खूर, शिंग, खेकड्याचे कवच आणि सुकी मासळी! ज्याने कुणी ही यादी केली, त्याला नाकाचा आणि पोटाचा संबंध पक्का ठाऊक होता.

खरी कारागिरी नळीत दिसते. सुश्रुताच्या मापाने प्रायोगिक धूमाची नळी 48 अंगुळे, म्हणजे पुरती दोन हात लांब. स्नैहिकाची 32, वैरेचनिकाची 24 आणि कासघ्न-वामनीयाची 16. पहिल्या तिन्ही नळ्या बुडाशी अंगठ्याएवढ्या आणि टोकाशी करंगळीएवढ्या जाड, आत वाटाण्याएवढे भोक. जखमेला धुरी द्यायची असली तर नळी आठच अंगुळांची आणि भोक हुलगा जाईल एवढे. त्या कामालाही शरावसंपुटच वापरत. फक्त नळीचे टोक तोंडाऐवजी जखमेवर धरायचे.

चरकसंहितेतली मापे थोडी निराळी आहेत. प्रायोगिक धूमाला तिथे 36 अंगुळे, म्हणजे दीड हाताची नळी. पण ही अंगुळे कुणाची, हे चरक स्पष्ट सांगतो: ज्याने धूर घ्यायचा त्याची स्वतःची. धिप्पाड माणसाची नळी लांब होणार, किडकिडीत माणसाची आखूड. एकच माप सर्वांच्या गळी उतरवण्याची ही रीत नव्हती. साधन माणसाच्या अंगाला येईल असे घडवायचे होते. साहित्यातही मुभा होती. बस्तीची, म्हणजे एनिमाची नळी ज्या पदार्थांची करतात, त्यांचीच धूमनळी करावी असे तो म्हणतो आणि त्या पदार्थांत सोने, चांदी, तांबे, पितळ, कांसे यांच्या जोडीला हाड, शिंग, लाकूड, वेळू आणि बोरूही येतो. श्रीमंताला सोन्याची नळी, गरिबाला वेळूची, उपाय मात्र एकच.

नळी इतकी लांब का, याचे उत्तरही चरकाने दिले आहे. ती सरळ असावी आणि तिला तीन पेरे असावेत. दुरून आलेला, पेऱ्यांत अडखळलेला आणि नळीत विरळ झालेला धूर इंद्रियांना बाधत नाही, असे त्याचे म्हणणे. लांब वाटेने धूर निवतो, हे आजही कुणी पडताळून पाहू शकते.

याहून महत्त्वाची आहे ती मर्यादांची यादी. धूर नाकाने घ्या वा तोंडाने, सोडायचा तोंडानेच. नाकाने सोडला तर डोळ्यांना अपाय. गर्भिणीने, शोकात असलेल्याने, थकलेल्याने, जागरण झालेल्याने, दारू किंवा दूध प्यायलेल्याने धूमपान करू नये. अवेळी किंवा अती घेतला तर बहिरेपण, आंधळेपण, मुकेपण, रक्तपित्त आणि भोवळ ओढवते. सातव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या वाग्भटाने अष्टांगहृदयात वयाचीही अट घातली: 18 वर्षांखालच्याला धूम देऊ नये.

मग तंबाखू आली. अमेरिका खंडातले हे पान पोर्तुगीज व्यापाराबरोबर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि दख्खनच्या दरबारांत पोचले. अकबराचा अधिकारी असद बेग याला ती विजापुरात दिसली. 1604-05च्या सुमारास त्याने ती एका सजवलेल्या नळीसह बादशहापुढे ठेवली. अकबराने ओढून पाहिली. दरबारी हकिमाने हरकत घेतली. 1617 मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदीच घातली, पण ती टिकली नाही.

पुढे हुक्का आणि गुडगुडी घरोघर गेली. चिलमीत गुळात मळलेली तंबाखू, तिच्यावर मातीची चकती, चकतीवर निखारा, खाली पाण्याचे भांडे. निखारा आणि पान यांच्यामध्ये आड ठेवून केवळ आचेवर धूर काढण्याची ही युक्ती सुबक होती. बिदरच्या कारागिरांनी जस्त-तांब्याच्या काळ्याभोर धातूवर चांदीची वेलबुट्टी जडवून हुक्क्याची अशी भांडी घडवली, की ती आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. नळी सजली, भांडे सजले. वैद्याची यादी मात्र मागे राहिली. कोणाला, कधी, किती, हे विचारणारे कोणी उरले नाही आणि उपचार होता तो षोक झाला.

जुन्या वैद्यांनाही सगळे ठाऊक नव्हते, हेही मान्य करायला हवे. धूर विरलेला निखारा त्यांना निर्धोक वाटला. पण निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. हुक्क्याच्या पाण्यातून गाळूनही तो जात नाही. म्हणून शरावसंपुटाची कृती आज घरी करून पाहण्याजोगी नाही. ती वाचावी आणि तिच्यातली सावधगिरी तेवढी उचलावी.

महाराष्ट्राने 2018 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरांवर बंदी आणली. त्याआधी, 2003च्या केंद्रीय कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकणे गुन्हा ठरवले होते. वाग्भटाने घातलेली वयाची अटही नेमकी तीच, 18 वर्षांची.