लाउरी, ऑलिव्हर हाउ

लाउरी, ऑलिव्हर हाउ : (१८ जुलै १९१०–२९ जून १९९६). अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ. जन्म शिकागो येथे. शिकागो विद्यापीठातून १९३७ मध्ये पीएच.डी. आणि वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे हार्व्हर्ड येथे व नंतर न्यूयॉर्कच्या सार्वजनिक आरोग्य संशोधन संस्थेत काम केले. १९४७ पासून १९७६ पर्यंत ते सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात औषधिक्रियाविज्ञान विभागाचे प्रमुख होते. शोधनिबंधाचा प्रभाव मोजण्याचा विषय निघाला की त्यांचे नाव हटकून येते, कारण १९५१ मध्ये ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’त नायरा रोझब्रो, लुइस फार व रोझ रँडल यांच्यासह त्यांनी लिहिलेला, प्रथिनांच्या मापनावरील शोधनिबंध हा विज्ञानाच्या वाङ्मयात सर्वाधिक संदर्भोल्लेख लाभलेला लेख ठरला आहे. एखाद्या लेखाचा आधार घेतल्याची नोंद दुसऱ्या लेखाच्या संदर्भसूचीत होते तेव्हा पहिल्याला एक संदर्भोल्लेख मिळाला असे धरतात. ‘नेचर’ या नियतकालिकाने २०१४ मध्ये सर्वाधिक उल्लेखिलेल्या शंभर लेखांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा या निबंधाच्या नावावर तीन लाखांहून अधिक उल्लेख होते.

लेखातील पद्धत अशी : अल्कधर्मी विद्रावात प्रथिनाचा तांब्याच्या आयनांशी संयोग घडवून आणतात आणि मग त्यात फोलिन यांचा फिनॉल विक्रियाकारक मिसळतात; तांब्याशी जोडलेले प्रथिन, मुख्यतः त्यातील टायरोसीन व ट्रिप्टोफॅन ही ॲमिनो अम्ले, या विक्रियाकारकातील मॉलिब्डेनम व टंगस्टन यांच्या संयुगांचे क्षपण करतात आणि विद्रावाला निळा रंग चढतो. रंग जितका गडद तितके प्रथिन अधिक, हे रंगमापकावर वाचता येते. केवळ तांब्यावर विसंबणाऱ्या जुन्या बाययुरेट कसोटीपेक्षा ही पद्धत सुमारे शंभरपट संवेदनशील असल्याने मायक्रोग्रॅमच्या अंशाइतके प्रथिनही मोजता येऊ लागले. विक्रियाकारक जुनाच होता आणि तांब्याचा उपयोगही नवा नव्हता. लाउरी यांनी प्रमाणे, वेळ आणि क्रम इतक्या चोखपणे बसवले की नवख्या विद्यार्थ्यालाही ती पद्धत साधावी. पद्धत छापून काढावी असा आग्रह सहकारी अर्ल सदरलँड यांनी धरला, आणि नियतकालिकाने पहिला मसुदा बराच कापून आणण्यासाठी परत पाठवला होता.

विकरांवर काम करणाऱ्या कोणालाही क्रियाशीलता ‘दर मिलिग्रॅम प्रथिनामागे’ सांगावी लागते, म्हणून यकृतावरील, जिवाणूंवरील किंवा कर्करोगावरील लेखातही ‘प्रथिन लाउरी पद्धतीने मोजले’ एवढे एक वाक्य येई व त्यापुढे संदर्भक्रमांक पडे. उल्लेखांचा हा ढीग अशा वाक्यांनी रचला आहे; त्यात लाउरी यांच्या विचारांची चर्चा क्वचितच आढळते. ‘नेचर’च्या त्याच यादीत दुसरा क्रमांक लेमली यांच्या १९७० च्या प्रथिन-पृथक्करण लेखाचा व तिसरा ब्रॅडफोर्ड यांच्या १९७६ च्या प्रथिनमापन लेखाचा होता. डीएनएच्या दुहेरी सर्पिलावरील १९५३ च्या लेखाला मात्र शंभरांत जागा मिळाली नाही. १९५१ चा लेख हा आपला थोर लेख नव्हे, हे लाउरी स्वतःही जाणून होते.

त्यांचे खरे मोठे काम मेंदूच्या सूक्ष्मरसायनात आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. एकेकट्या चेतापेशीचे वजन करण्यासाठी त्यांनी क्वार्ट्झच्या अतिसूक्ष्म तंतूचा तराजू वापरला; काचेच्या कोठीत आडव्या बसवलेल्या तंतूच्या टोकाला नमुना चिकटवायचा आणि तंतू किती वाकला ते भिंगातून मोजायचे. विकरी चक्राने अत्यल्प पदार्थाचा संकेत हजारो पटींनी वाढवण्याची युक्तीही त्यांचीच. जॅनेट पासोनो यांच्यासह लिहिलेल्या १९७२ च्या ग्रंथात ही पद्धती एकत्र आली आहे. मेंदूच्या अभ्यासकांना या कामाचे मोल ठाऊक असले, तरी उल्लेखांच्या संख्येत ते १९५१ च्या लेखाच्या जवळपासही फिरकत नाही.

ही तफावत उल्लेख कसे मोजावेत यावरही अवलंबून असते. संशोधकाचे लेखन एका आकड्यात बसवण्यासाठी हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या एच-निर्देशांकात, ज्या लेखांना किमान तितकेच उल्लेख आहेत अशा लेखांची जास्तीत जास्त संख्या धरतात. म्हणजे निर्देशांक ४० असेल तर किमान ४० उल्लेखांचे ४० लेख. या हिशेबात तीन लाख उल्लेखांचा लेखही एकच लेख म्हणून मोजला जातो. उल्लेखांची एकूण बेरीज केली तर उलट तो एकटाच बाकी सर्व लेखनाला झाकून टाकतो.

पद्धत रुळल्यावर तिचा उल्लेखच गळून पडतो, हेही येथे दिसते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेला आत्मसातीकरणातून होणारे विस्मरण म्हटले. अपमार्जके व काही बफर द्रव्ये लाउरी पद्धतीत व्यत्यय आणतात, म्हणून तिच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि काही उल्लेख त्यांच्याकडे वळले. पुढे तयार संच बाजारात आल्यावर अनेक लेखक मूळ निबंधाऐवजी संच बनवणाऱ्या कंपनीचे नाव देऊन मोकळे होऊ लागले.