मॉरिशसचा पर्यायी इतिहास

मॉरिशसचा पर्यायी इतिहास : हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट १२ मार्च १९६८ रोजी ब्रिटिश सत्तेतून स्वतंत्र झाले. ते झाले नसते किंवा वेगळ्या वाटेने झाले असते, तर काय घडले असते, याचा साधार विचार. या देशाबाबत तो निव्वळ कल्पनाविलास ठरत नाही. स्वातंत्र्याला निम्म्याच्या थोड्याच पुढची मते मिळाली होती आणि न निवडलेल्या वाटेने गेलेले बेट, रीयुनियन, सुमारे दोनशे किलोमीटरवर आजही पाहता येते.

पहिला फाटा १८१०चा. ऑगस्टमध्ये ग्राँ पोर येथील आरमारी लढाई फ्रेंचांनी जिंकली. पॅरिसच्या विजयकमानीवर तिचे नाव कोरलेले आहे. डिसेंबरात मात्र ब्रिटिशांनी बेट फ्रेंचांकडून घेतले. १८१४च्या पॅरिस तहात त्यांनी रीयुनियन फ्रान्सला परत केले आणि चांगले बंदर असलेले मॉरिशस स्वतःकडे ठेवले. उलट झाले असते, तर बेटाची लोकसंख्याच निराळी घडली असती. ब्रिटिश वसाहत असल्यामुळेच १८३४ पासून सुमारे साडेचार लाख हिंदी गिरमिटिये उसाच्या मळ्यांसाठी येथे उतरले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले कोकणातले मराठी मजूरही होते. फ्रेंच रीयुनियनकडे जाणारी अशी भरती ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने १८८२ मध्ये बंद केली. तिथल्या तमिळ मजुरांच्या वंशजांची बोली आता क्रिओल आहे. मॉरिशसमध्ये मराठी शाळेत शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मराठी वाचकाने हा तह आपल्याही इतिहासाचा भाग मानावा. पहिल्या महायुद्धानंतर बेट पुन्हा फ्रान्सला जोडावे अशी चळवळ झाली. १९२१च्या निवडणुकीत तिचे उमेदवार पडले आणि तो विषय संपला.

खरा निर्णायक प्रसंग ७ ऑगस्ट १९६७ची निवडणूक. मजूर पक्षाचे शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखालील आघाडी पूर्ण स्वातंत्र्य मागत होती. गाएतां द्युव्हाल यांच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाला ब्रिटनशी संलग्न, अंतर्गत स्वायत्त राज्य हवे होते; त्यासाठी सार्वमत घ्यावे ही त्या पक्षाची मागणी ब्रिटनने मानली नव्हती. क्रिओल समाजातील आणि फ्रेंच वंशाच्या अनेकांना हिंदू बहुमताच्या राज्याची धास्ती वाटत होती. ती भीती खरी होती. तिला केवळ मळेवाल्यांचे कारस्थान म्हणणे अन्यायाचे आहे. स्वातंत्र्यवाद्यांना सुमारे ५५ टक्के मते आणि ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या, विरोधकांना सुमारे ४४ टक्के मते आणि २३ जागा.

विरोधक जिंकले असते, तर? कॅरिबियनमध्ये त्याच वर्षी ब्रिटनने अँटिग्वा, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट लुसिया आदी बेटांना हाच संलग्न दर्जा दिला होता. त्यांपैकी ग्रेनाडा १९७४ मध्ये, डॉमिनिका १९७८ मध्ये, सेंट लुसिया १९७९ मध्ये आणि अँटिग्वा १९८१ मध्ये स्वतंत्र झाले. शिवाय जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनने सुएझच्या पूर्वेकडील लष्कर मागे घेण्याचा वेग वाढवला. ज्याला निघायची घाई आहे, तो घरमालक भाडेकरूच्या आग्रहाखातर थांबत नाही. संलग्न मॉरिशसही दहा-पंधरा वर्षांत स्वतंत्र झाले असते, असाच निष्कर्ष निघतो. रीयुनियनसारखे समृद्ध प्रांतपद त्याला मिळणे संभवत नव्हते, कारण १९४६ मध्ये फ्रान्सने वसाहतीला आपला जिल्हा करून घेतले, तसा मार्ग ब्रिटनने देऊ केलाच नव्हता.

मॉरिशसमध्येच मोडणाऱ्या रॉड्रिग्ज बेटाचे मात्र वेगळे होऊ शकले असते. तिथल्या दोन्ही जागा स्वातंत्र्यविरोधकांना गेल्या होत्या. कोमोरोसमधील मायोतने १९७४च्या मतदानात फ्रान्सबरोबर राहणे निवडले आणि त्याचे मत स्वतंत्र मोजले गेले. रॉड्रिग्जचे तसे मोजले गेले नाही. त्याला पुढे २००२ मध्ये मॉरिशसअंतर्गत स्वायत्तता मिळाली.

सर्वांत मोठी हानी मात्र निवडणुकीपूर्वीच होऊन गेली होती. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या वाटाघाटींत ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी रामगुलामांना, स्वातंत्र्य घेऊन परताल किंवा त्याविना परताल, असे सुनावले. रामगुलामांनी संमती दिली आणि ८ नोव्हेंबर १९६५ रोजी छागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडून निराळी ब्रिटिश वसाहत केली गेली; मोबदला ३० लाख पौंड. त्यातले दिएगो गार्सिया बेट अमेरिकी तळाला दिले आणि १९६८ ते १९७३ या काळात छागोसमधले सारे रहिवासी हलवले गेले. रामगुलामांनी नकार दिला असता, तर स्वातंत्र्य लांबले असते, कदाचित ब्रिटनने हुकुमाने बेटे तोडलीही असती. पण संमतीचा कागद ब्रिटनच्या हाती पडला नसता आणि मॉरिशसची बाजू प्रथमपासून भक्कम राहिली असती. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी सल्लागार मत दिले, की ही फाळणी बेकायदेशीर होती आणि मॉरिशसचे वसाहतमुक्तीकरण कायदेशीररीत्या पूर्ण झाले नव्हते.

म्हणून या देशाच्या पर्यायी इतिहासात १९६७ पेक्षा १९६५ महत्त्वाचे आहे. निवडणुकीच्या निकालाने स्वातंत्र्याची फक्त तारीख ठरवली. १९६५च्या निर्णयाने छागोसवासीयांना त्यांच्या घरांतून कायमचे उठवले.