नवोदित खेळाडूंची पारख (वऱ्हाड)

कोवळ्या वयाच्या खेळाडूची आजची कुवत पाहून त्याच्या पुढच्या वाढीचा अदमास बांधणे आणि त्यावर विसंबून त्याला संघात, प्रबोधिनीत किंवा लिलावात घेणे. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये १९४७ पासून हे काम ‘ड्राफ्ट’ या वार्षिक निवडीतून होते. अकोला-अमरावतीकडे ते दोन वाटांनी होते : शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची चाचणी आणि आयपीएलचा लिलाव.

‘बझरबीटर’सारख्या बास्केटबॉलच्या ऑनलाइन व्यवस्थापन-खेळांत ही पारख बरीच सोपी असते. तिथे १८-१९ वर्षांचे काल्पनिक खेळाडू निवडीला येतात. प्रत्येकाचे वय, उंची, कौशल्यांच्या पातळ्या आणि वाढीची कमाल मर्यादा ठरलेली असते. वय कमी असेल तर सरावाचा लाभ लवकर होतो. उंच खेळाडू बास्केटजवळची कौशल्ये झपाट्याने शिकतो, तर ठेंगणा लांबून खेळण्याची. त्यामुळे सारख्याच कौशल्यांचे दोघे समोर असले तर जाणकार लहान वयाच्याला घेतो, आणि मर्यादा तोकडी असलेला खेळाडू आज चमकत असला तरी भाव आहे तोवर विकून टाकतो.

प्रत्यक्ष मैदानावर पहिली अडचण वयाचीच. क्रिकेट नियामक मंडळ १६ वर्षांखालील मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय ठरवते, कारण जन्मदाखल्यावर भरवसा ठेवून चालत नाही. लवकर वयात आलेला मुलगा बरोबरीच्यांत उठून दिसतो. पण दोन वर्षांत बाकीचे त्याला गाठतात, आणि मग निवड करणाऱ्यांच्या लक्षात येते की आपण खेळाऐवजी अंगकाठी निवडली होती.

क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीत उंची-वजनाबरोबर ३० मीटर धाव, उभी व लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन, वाकून पोहोचण्याची लवचीकता आणि ८०० मीटर धाव मोजली जाते. सर्वसाधारण शारीरिक क्षमता पाहायला ही यादी ठीक आहे. मात्र अकोल्याची प्रबोधिनी बॉक्सिंगसाठी ओळखली जाते आणि अमरावतीची धनुर्विद्येसाठी. धनुर्धराला लागणारा हाताचा आणि मनाचा ठेहराव या मोजपट्टीत कुठेच येत नाही. तो प्रशिक्षकाने नंतर सरावात हेरायचा. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तिथल्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. म्हणजे खेळाडू घडवण्याची परंपरा इथे जुनी आहे. घडवण्याआधी निवडण्याचे शास्त्र मात्र अजून कच्चेच म्हणावे लागते.

लिलावातल्या भावाची गंमत वऱ्हाडच्या तीन क्रिकेटपटूंवरून कळते. अकोल्याच्या अथर्व तायडेने १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकाच्या २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात ३२० धावा केल्या आणि २०१८ मध्ये श्रीलंकेत युवा कसोटींत दोन शतके ठोकली. ऑनलाइन खेळात असा मुलगा पहिल्याच फेरीत गेला असता. पंजाबने त्याला घेतले ते २०२२ मध्ये, २० लाखांच्या मूळ किमतीत. २०२३ मध्ये दिल्लीविरुद्ध ५५ धावांवर असताना संघाने त्यालाच ‘रिटायर्ड आउट’ करून माघारी बोलावले. लांब डावांची कसोटी आणि वीस षटकांची घाई या दोन वेगळ्या कौशल्यांचे एकच प्रगतिपुस्तक करता येत नाही, हे त्यावरून दिसते. अकोल्याकडूनच पुढे आलेल्या दर्शन नळकांडेचे उलट झाले. पंजाबने त्याला २०१९ च्या हंगामासाठी ३० लाखांत घेतले आणि बसवून ठेवले. २०२१ च्या वीस षटकांच्या मुश्ताक अली करंडकात त्याने कर्नाटकाविरुद्ध उपांत्य सामन्यात चार चेंडूंत चार बळी टिपले. तरी २०२२ मध्ये गुजरातने मोजले २० लाखच.

अमरावतीच्या जितेश शर्माचे उदाहरण सर्वांत बोलके. २०१५-१६ च्या मुश्ताक अली करंडकात त्याने ३४३ धावा काढल्यावर मुंबईने त्याला १० लाखांत घेतले, पण एकही सामना दिला नाही. पुढे सलामी सोडून तो खालच्या क्रमांकावर येऊन सामना संपवणारा फलंदाज झाला. २०२२ मध्ये पंजाबकडे २० लाखांत गेला तेव्हा तो २८ वर्षांचा होता. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात बंगळुरूने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या आणि आठवडाभरात बंगळुरूने पहिले विजेतेपद मिळवले. बास्केटबॉलमध्येही निकोला योकिच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे तीनदा एनबीए या अमेरिकी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. चूक होते ती केवळ वऱ्हाडातल्यांचीच पारख करताना असे नाही.

लिलावातला भाव खेळाडूच्या वाढीची मर्यादा सांगत नाही. संघात कोणती जागा रिकामी आहे आणि गेल्या हंगामात कोण डोळ्यांत भरला, एवढेच तो सांगतो. जितेशचा भाव दहा लाखांवरून अकरा कोटींवर जायला आठ वर्षे लागली, आणि तो भाव मिळाला तेव्हा त्याने एकतिशी ओलांडली होती.