अंगठ्याला बढती

पियानोवर सुटे स्वर झरझर वाजवताना, म्हणजे आर्पेजिओत, कुठलं बोट कुठे ठेवायचं? कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख १७५३ साली लिहितो की, वडिलांच्या लहानपणी मोठमोठे वादकसुद्धा अंगठा अगदी अडलं तरच वापरत. आमच्या भाषेत, राखीव तुकडी! वडिलांनी, योहान सेबास्टियान बाखने, त्याला आघाडीवर आणलं. पुढे अंगठा बोटांखालून सरकवणं हा नियमच झाला.

१८३३ मध्ये छापलेल्या शोपँच्या ओपस १०मधल्या पहिल्याच एट्यूडला तो नियम पुरत नाही. उजव्या हाताला १-२-४-५. लगेच चौथ्या बोटाच्याच पट्टीवर अंगठा. अख्खा पंजा सरकतो. लहान पंजावाल्यांनी बोटं ताणून धरू नयेत, मनगट सोबत न्यावं. शीर दुखावली की महिनोन्‌महिने वाजवणं बंद. बंगळूरच्या डिसेंबरात तर आधी हात गरम करा.