पंच्याऐंशीची गोष्ट

गेल्या वर्षी सर्किट बोर्ड बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी डॅशबोर्ड लिहिला. भिंतीवर एकच मोठ्ठा आकडा हवा होता: ओईई, म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता. तीन ओळींचा कोड! पण हे सूत्र आलं कुठून, म्हणून एका शनिवारी वाचत बसलो.

मूळ जपानचं. निप्पॉनडेन्सो ही टोयोटाला विजेचे सुटे भाग पुरवणारी कंपनी. १९६०च्या दशकात तिथे स्वयंचलित यंत्रं वाढली आणि देखभाल खात्याला काम झेपेना. मग साफसफाई, तेल घालणं हे यंत्र चालवणाऱ्यानेच करायचं ठरलं. १९७१ साली कंपनीला त्याबद्दल पुरस्कार मिळाला. सेइइची नाकाजिमांनी ही पद्धत मांडली आणि मोजायला ओईई दिलं. यंत्र किती वेळ चाललं, किती वेगाने, माल किती चांगला निघाला, या तिन्हींचा गुणाकार. ९०, ९५, ९९ टक्के धरा, ८५च्या आसपास येतात. तेच जगभर 'आदर्श' झालं.

आमच्या भिंतीवर ८६ झळकत होते. मी खूश! मग लाइनवरचे एक काका हळूच म्हणाले, "सर, मॉडेल बदलताना लाइन थांबते ना, ते आम्ही 'नियोजित' मध्ये टाकतो."

नियोजित वेळ हिशोबात धरतच नाहीत. आणि नाकाजिमांच्या सहा मोठ्या तोट्यांत मॉडेल बदलणं चक्क दुसरं आहे! ते बटण मीच दिलं होतं.

सोमवारी काढून टाकलं. आकडा ६१ झाला. मॅनेजर अजून बोलत नाहीत. असो, तोटा निदान दिसतोय तरी.